नभोवाणीचा शेवटचा पहारेकरी: पेटीत की संगणकात?

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांतील 730 खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये ‘ट्राय’ने खासगी केंद्रांच्या डिजिटल प्रसारणासंबंधी शिफारशी केल्या. चर्चा झाली ती परवान्यांची, शुल्काची आणि वारंवारितेच्या वाटपाची. नव्या केंद्राच्या खरेदीच्या यादीत मात्र आणखी एक वस्तू असते. ती श्रोत्याला कधी दिसत नाही, पण त्याला ऐकू येणारा प्रत्येक शब्द तिच्यातूनच जातो. ही वस्तू म्हणजे ऑडिओ प्रोसेसर. तो स्वतंत्र पेटीच्या रूपात घ्यावा की साध्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रूपात, हा प्रश्न आज लहान केंद्रांपुढे उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना थोडे मागे जाणे उपयोगी ठरते.

मुंबईत 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा जगभर हे काम माणसाचा हात करीत असे. गायक आलाप संथपणे घेई आणि तान अंगावर येई; वक्ता कुजबुजे आणि लगेच गर्जना करी. प्रक्षेपकाला मात्र वर छत असते. मध्यम लहरींवर आवाजाने ते छत ओलांडले, की वाहक लहर क्षणभर पूर्णपणे तुटते आणि तिचे तुकडे शेजारच्या केंद्रावर जाऊन कर्कश आदळतात. आवाज फार खाली ठेवला, तर दूरच्या खेड्यातल्या संचावर शब्दांऐवजी खरखरच पोहोचते. म्हणून अभियंता मीटरच्या काट्यावर डोळा ठेवून बटण फिरवीत बसे. हात कितीही तरबेज असला तरी आवाज होऊन गेल्यावरच हलणार, ही त्याची उणीव होती.

अमेरिकेत 1937 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने ‘110-ए’ हा प्रवर्धक आणला. आवाज छतापाशी आला, की तो आपोआप दाबला जाई. त्याचा लाभ केवळ सुरक्षिततेचा नव्हता. आवाजाची सरासरी पातळी तीन डेसिबलने उंचावली, की ध्वनी वाहून नेणारी शक्ती दुप्पट होते. म्हणजे प्रक्षेपकाला हात न लावता त्याची पोच वाढते. किलोवॉटमागे पैसे मोजणाऱ्या व्यवसायात ही गोष्ट दुर्लक्षित राहणे शक्यच नव्हते.

तरी या यंत्रांना एक खोड होती. निवेदक श्वास घेण्यास थांबला, की यंत्राला वाटे आवाज कमी पडला, आणि ते पातळी वर चढवू लागे. मग खोलीतला पंखा नि कागदांची सळसळ उसळून वर येई. 1960 च्या आसपास सीबीएसच्या प्रयोगशाळेने ‘ऑडिमॅक्स’मध्ये यावर तोड काढली: शांतता आली की पातळी आहे तिथेच धरून ठेवायची. त्याचा जोडीदार ‘व्हॉल्युमॅक्स’ छत सांभाळी. एकाने सावकाश समतोल राखायचा, दुसऱ्याने झटपट मर्यादा घालायची, ही विभागणी आजच्या प्रत्येक प्रोसेसरात शाबूत आहे.

एफएमने कोडे अधिक अवघड केले. या पद्धतीत वाहक लहर आवाजाबरोबर दोन्ही बाजूंना फार तर 75 किलोहर्ट्झ सरकू शकते. शिवाय खरखर कमी व्हावी म्हणून प्रक्षेपणापूर्वी उंच स्वर मुद्दाम वाढवतात आणि श्रोत्याच्या संचात ते तेवढेच उतरवतात. भारतात त्यासाठी 50 मायक्रोसेकंदांचे मान आहे, अमेरिकेत 75 चे. भारतीय मानाने 15 किलोहर्ट्झपाशी ही वाढ जवळजवळ 14 डेसिबल होते, म्हणजे सुमारे पाचपट. झांजेचा खणखणाट किंवा ‘स’काराची शिट्टी अशा वेळी थेट छतावर आपटते. ती छाटावी, तर दुसरी अडचण येते. स्टिरिओसाठी 19 किलोहर्ट्झवर एक खुणेचा स्वर पाठवावा लागतो; त्याला धक्का लागू नये म्हणून 15 किलोहर्ट्झच्या वरचे सारे गाळणीने काढून टाकावे लागते. आणि नीट छाटून सपाट केलेली लहर त्या गाळणीतून गेली, की तिच्यावर पुन्हा उंचवटे उगवतात. पुढच्या खोलीत पहारेकरी नेमावा आणि मागच्या दाराने चोर यावा, तसा हा प्रकार.

कॅलिफोर्नियातील रॉबर्ट ऑर्बन यांनी 1975 मध्ये ‘ऑप्टिमॉड-एफएम 8000’ आणला तो या मागच्या दारावर बोट ठेवून. दाब, छाटणी, गाळणी आणि स्टिरिओची गुंफण ही वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी यंत्रे न राहता एकाच पेटीत, एकमेकांची जाण ठेवून काम करू लागली. त्या क्षेत्रात ‘पेटी’ला जो मान मिळाला, तो धातूच्या आवरणाचा नव्हता. शेवटची मर्यादा एका जागी, एका जबाबदारीखाली आली, याचा तो मान होता. आजच्या वादात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

भारतात एफएमचा आरंभ 23 जुलै 1977 रोजी मद्रासमध्ये झाला. पण तेव्हा क्षेत्रात आकाशवाणी एकटीच होती, त्यामुळे कोण अधिक मोठ्याने बोलतो हा प्रश्नच नव्हता. तो 3 जुलै 2001 नंतर, बेंगळुरूत पहिले खासगी केंद्र सुरू झाल्यावर आला. पुढच्या टप्प्यात अनेक शहरांत सर्व खासगी वाहिन्या एकाच मनोऱ्यावरून, एकाच सामाईक अँटेनातून प्रक्षेपित होऊ लागल्या. उंची तीच, जागा तीच. मग टॅक्सीत बसलेल्या माणसाने सुई फिरवताना एखाद्या वाहिनीवर थांबावे कशासाठी? गाणी बहुतेक तीच असत. वेगळेपणा दाखवण्याची जी थोडी जागा उरली, त्यात प्रोसेसर होता. आवाज अधिकाधिक दाबून, छाटून दाट करण्याची चढाओढ त्यातूनच येते, आणि तिची किंमत कान मोजतात: तबल्याची थाप बोथट होते, आणि अर्ध्या तासाने श्रोता का ते न कळता संच बंद करतो.

1990 च्या दशकाच्या प्रारंभी ऑर्बनच्या ‘8200’ने हे सारे काम अंकांत आणले. खरे तर पेटी आणि सॉफ्टवेअर यांतील भिंत तेव्हाच पडली. कारण त्या पेटीतही प्रोग्रामच चालत होता, फक्त त्यासाठी घडवलेल्या चिपवर. 2000 च्या दशकात नेदरलँड्समधील हान्स व्हान झुटफेन यांचे ‘स्टिरिओ टूल’ आणि लाइफ क्लासॉन यांचे ‘ब्रेकअवे’ साध्या संगणकावर तेच करू लागले. पुढे क्लासॉन यांच्याच हातून ‘ऑम्निया.9’ ही नामांकित पेटी घडली, आणि तिच्या पोटात संगणकाचाच मदरबोर्ड होता. सॉफ्टवेअरने नवी विद्याही आणली. सीडी तयार होतानाच चेचली गेलेली गाणी आधी दुरुस्त करून मग प्रक्षेपणास द्यायची, ही त्यातली विशेष देखणी.

मग केंद्राने पेटी घ्यावीच कशाला? उत्तर संगणकाबाहेर पडणाऱ्या तारेत आहे. स्टिरिओची गुंफलेली लहर 53 किलोहर्ट्झपर्यंत जाते. संगणकातून ती थेट काढायची तर 192 किलोहर्ट्झ नमुना-दराचे साउंड कार्ड हवे. त्यातही बहुतेक स्वस्त कार्डे अतिमंद कंपने नीट पुढे सोडत नाहीत. परिणामी सपाट छाटलेला माथा तिरपा होतो आणि सॉफ्टवेअरने इमानाने राखलेली मर्यादा शेवटच्या वीतभर अंतरात मोडते. दुसरा प्रश्न विलंबाचा. निवेदक स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकतो. तो दहा-वीस मिलिसेकंदांहून अधिक उशिरा आला, की जीभ अडखळू लागते. आधुनिक पेट्याही विलंब करतातच, पण अनेकींत निवेदकासाठी वेगळी, जलद वाट काढलेली असते.

भारतात हा प्रश्न खरा टोचतो तो सामुदायिक केंद्रांना. 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना दार उघडले, पण सर्वसाधारणपणे 100 वॉटची शक्ती आणि 30 मीटरची अँटेना एवढ्याच मर्यादेत. तेलंगणातील माचनूरचे संगम रेडिओ, साताऱ्यातील म्हसवडचे माणदेशी तरंग, पांबनच्या मच्छीमारांचे कडल ओसै ही अशी केंद्रे. वादळाची सूचना असो की बियाण्याची माहिती, ती खरखरीतून वर यायची तर प्रत्येक डेसिबल मोलाचा. अशा ठिकाणी परदेशी पेटी परवडत नाही आणि सॉफ्टवेअर तिच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते.

प्रक्षेपक त्याच खोलीत असेल, माणूस जवळ असेल, कार्ड पारखून घेतलेले असेल आणि तो संगणक दुसऱ्या कोणत्याही कामाला जुंपलेला नसेल, तर सॉफ्टवेअर नाकारण्यास कारण उरत नाही. (रात्री दोन वाजता आपोआप अद्ययावत होण्याची संगणकाची सवय तेवढी आधी मोडावी लागते.) मनोरा दूर टेकडीवर असेल, तर गोष्ट उलटते. स्टुडिओत कितीही नेटकी मर्यादा घातली तरी मधल्या दुव्यावर आवाज आक्रसून पाठवला, की उंचवटे पुन्हा उगवतात. शेवटचा पहारेकरी मग मनोऱ्याच्या पायथ्याशीच हवा: धुळीत, उन्हात, वीज जाऊन आल्यावर कुणी न येता स्वतः उठणारा, आणि बिघडलाच तर रिलेने आवाज तसाच पुढे सोडणारा. तिथे पेटीला अजून तोड नाही.

डिजिटल प्रसारणात हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. ‘ट्राय’च्या शिफारशींत जुने एफएम आणि डिजिटल वाहिन्या एकाच वारंवारितेवर सोबत चालवण्याची कल्पना आहे. डिजिटल वाटेवर उंच स्वर वाढवायचे नसतात, आणि एफएमसाठी चालून जाणारी छाटणी तिथे कोडेकला गोंधळात टाकते. म्हणजे एकाच कार्यक्रमावर दोन वेगळे संस्कार, शिवाय दोन्ही वाटांची वेळ जुळलेली. एकाच संगणकावर अशा दोन साखळ्या चालवणे सॉफ्टवेअरला सोपे जाते. त्यांतील एफएमच्या साखळीचे शेवटचे टोक मात्र पूर्वीप्रमाणेच 75 किलोहर्ट्झच्या छताखाली राहणार आहे.