उपासाचं घड्याळ

उपासाच्या अ‍ॅपमध्ये एक गोल असतो. रात्रीचं जेवण झालं की बटण दाबायचं. मग गोल भरत जातो, रंग बदलत जातो: आता चरबी जळतेय, आता पेशींची साफसफाई सुरू. कोड लिहिणं हाच माझा धंदा, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे तासांचे आकडे आत कुणी आणि कशाच्या आधारावर टाकले?

शोधत गेलं की आपण बॉस्टनला पोचतो. १९१२ साली तिथल्या कार्नेगी संस्थेच्या पोषण-प्रयोगशाळेत माल्टाचा अगोस्तिनो लेव्हान्झिन ३१ दिवस नुसत्या पाण्यावर राहिला. शास्त्रज्ञ फ्रान्सिस बेनेडिक्ट त्याची नाडी, श्वास, लघवी, सगळं मोजत होते. रात्री तो शरीराची उष्णता मोजणाऱ्या बंद खोलीत झोपे. त्याचं वजन सुमारे १३ किलोंनी उतरलं आणि उष्णताही घटली. शरीरानं खर्चाला कात्री लावली होती.

पण हिशेब जुळत नव्हता. मेंदू ग्लुकोजवर चालतो आणि यकृतातला साठा दीडेक दिवसात संपत येतो. पुढचं ग्लुकोज स्नायू मोडून करायचं, तर माणूस इतके दिवस टिकेल कसा?

उत्तर १९६७ साली मिळालं, तेही बॉस्टनमध्येच. जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या लठ्ठ रुग्णांच्या मेंदूत जाणारं आणि तिथून परतणारं रक्त तपासलं. मेंदूचं जवळपास दोन तृतीयांश इंधन आता चरबीपासून बनलेल्या कीटोनमधून येत होतं.

इथे प्रश्न नीट वाचायला हवा. या लोकांना जाणून घ्यायचं होतं की उपाशी माणूस तगतो कसा. सकाळचा नाश्ता सोडल्यावर काय होतं, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

पेशींच्या साफसफाईचंही तसंच. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली तिच्यासाठी नोबेल मिळालं, पण त्यांनी उपाशी ठेवलं होतं यीस्टला. माणसात ही सफाई कितव्या तासाला वाढते हे ठरलेलं नाही आणि फोनला तर ती मोजताही येत नाही.

नाश्त्याचा प्रश्न थेट विचारला गेला तो अलीकडे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ११६ जण होते. दुपारी १२ ते रात्री ८ मध्येच जेवणाऱ्यांचं वजन १२ आठवड्यांत सरासरी ०.९४ किलो उतरलं, तर तीन वेळा जेवणाऱ्यांचं ०.६८. हा फरक योगायोगानंही पडू शकतो. २०२२ मध्ये चीनच्या ग्वांगझूमधला अभ्यास आला. १३९ लठ्ठ लोक, एक वर्ष, सगळ्यांना सारखंच कमी खाणं, फक्त एका गटाला आठ तासांची मर्यादा. घट ८.० आणि ६.३ किलो. इथेही घड्याळाचा वेगळा फायदा सिद्ध झाला नाही.

थोडक्यात, काम करतं ते कमी खाणं. रात्री अकराचं अरबट-चरबट बंद करायला घड्याळाची मदत होत असेल, तर खुशाल वापरा. नाहीतर 'एकादशी अन् दुप्पट खाशी' आहेच.

मात्र घरात कुणी मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही ठरावीक गोळ्या घेत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लांबलेल्या उपासात त्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तेव्हाही अ‍ॅपमधला गोल शांतपणे भरतच राहील.