रॉमची प्रत खरी कशावरून?

जुन्या पोथीत लेखनिकाची चूक सापडली, तर नक्कल करताना ती सुधारायची की तशीच ठेवायची? हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. आज तोच आपण १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांना विचारू.

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. त्याची बेसिक भाषा आणि बाकीच्या मूळ आज्ञा १६ किलोबाइटच्या रॉम चिपमध्ये होत्या; म्हणजे १६,३८४ बाइट. ते वाचून फाइलमध्ये उतरवले की झाली रॉमची प्रत. पण पिना गंजलेल्या असल्या, सॉकेट सैल असलं, तर एखादा बाइट चुकीचा वाचला जातो. मग प्रत तपासायची कशी?

एक उपाय त्या काळातलाच आहे. कमोडोरचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह चालू होताना स्वतःच्या रॉममधल्या बाइटांची बेरीज करून बघतो. ती जुळली नाही, तर दिवा लुकलुकतो. पण बेरजेत एक गोम आहे. दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी उत्तर तेच येतं! म्हणून आता सीआरसी-३२ आणि एसएचए-१ या पद्धतींनी आकडे काढतात. मेम या जतन-प्रकल्पात रॉमच्या नावापुढे हे आकडे नोंदवतात आणि प्रत संशयास्पद असेल तर तसा शेराही मारतात.

पण आकडे जुळले म्हणजे काय सिद्ध झालं? दोन फाइली सारख्या आहेत, एवढंच. पहिलीच चुकीची असेल तर? म्हणून निरनिराळ्या यंत्रांतल्या चिपा स्वतंत्रपणे वाचून ताडून पाहाव्या लागतात.

आता स्पेक्ट्रमचंच उदाहरण घ्या. हातातलं काम तातडीने थांबवायला लावणारा एक संकेत प्रोसेसरला मिळतो. तो आला की ठरलेल्या जागी पत्ता आहे का ते बघायचं. असेल तर तिकडे जायचं, शून्य असेल तर परतायचं, असा हेतू होता. रॉममध्ये झालंय नेमकं उलटं. शून्य असेल तरच उडी, आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू! दोन आज्ञांमधला फरक फक्त एका बिटचा. बघणाऱ्याला वाटावं, चिप वाचतानाच घोटाळा झाला. पण सिंक्लेअरने विकलेल्या यंत्रांत हेच आहे.

तो बिट सुधारलेली प्रत वापरायला सोयीची असेल. १९८२ सालचा पुरावा म्हणून मात्र ती चालणार नाही.