गप्प जोडणीची कुळकथा

एसएसएच वापरणाऱ्यांच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ हमखास सापडते, बहुधा कुणाची तरी पाहून उतरवलेली: सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६०. ती टाकली की चहा पिऊन येईपर्यंत टर्मिनल थिजत नाही. ती लिहावी का लागते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मुळात टीसीपीला गप्प बसण्याचं वावडं नाही. दोन्ही टोकांकडे बोलायला काही नसेल तर तारेवरून काहीच जात नाही, आणि तासाभराने पुढचं अक्षर पाठवलं तरी जोडणी जिवंतच असते. तिची आठवण फक्त दोन टोकांनी ठेवायची, मधल्या राउटरांनी नाही. अधूनमधून ‘आहेस का?’ विचारणं जुन्या मंडळींना आगाऊपणाच वाटे. १९८९च्या आरएफसी ११२२ने ही विचारपूस ऐच्छिक ठरवली, सुरुवातीला ती बंदच असावी असं सांगितलं आणि ठरीव अंतर दोन तासांहून कमी नको असं बजावलं. कारण त्यात बँडविड्थ नि पैसा फुकट जातो. शिवाय जाळं क्षणभर अडखळलं तरी धडधाकट जोडणी मेली समजून तोडली जाते. हा दुसरा आक्षेप आजही खरा आहे.

पुढे आयपी पत्ते अपुरे पडण्याची चिन्हं दिसली आणि १९९४च्या आरएफसी १६३१ने नॅटची तोड मांडली. मोजक्या पत्त्यांआड पुष्कळ यंत्रं दडली, आणि मध्ये कुणीतरी जोडण्यांची वही घेऊन बसणं भाग पडलं. सोसायटीच्या वॉचमनसारखाच हा प्रकार: बराच वेळ हालचाल दिसली नाही की नोंद खोडली! टोकांना त्याचा पत्ताही नसतो. काही राउटर तर मिनिटांतच विसरतात.

१९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यांना हवी होती गुप्तता. जोडणी टिकवणं हा तेव्हा प्रश्नच नव्हता. तो सुटला २००४च्या ओपनएसएसएच ३.८मध्ये. टीसीपीची दोन तासांची विचारपूस नॅटपुढे निरुपयोगी, वर ती कूटबंद वाहिनीच्या बाहेर, म्हणजे तिसऱ्याला खोटं उत्तर देता येण्याजोगी. म्हणून प्रश्न वाहिनीच्या आतूनच विचारायचं ठरलं; सुरुवातीची ती ओळ हीच विचारपूस चालू करते. त्याच वर्षीच्या ३.९मधल्या कंट्रोल-मास्टरमुळे एकच जोडणी अनेक खिडक्यांना पुरू लागली. अर्थात ती तुटली की सगळ्याच खिडक्या जातात.

सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हलचं मूळ मूल्य आजही शून्य, म्हणजे विचारपूस बंद. अंतर १५ सेकंद ठेवलं आणि लागोपाठ तीन प्रश्न अनुत्तरित गेले की सुमारे ४५ सेकंदांत क्लायंट स्वतःच जोडणी तोडतो. धावत्या रेल्वेत बोगदा लागला की १९८९चा आक्षेप असा अंगावर येतो. माझ्या मते ६० हा आकडा म्हणूनच शहाणा. ज्यांना तेही पुरत नाही, त्यांच्यासाठी २०१२मध्ये एमआयटीतून मॉश आलं. त्याने टीसीपी सोडून यूडीपी धरलं. लॅपटॉप झोपो की वायफाय बदलो, सत्र चालूच राहतं. पहिलं लॉगिन मात्र तेही एसएसएचनेच करतं.