प्रश्न विचारण्याची रीत

नास्तिक आणि ख्रिस्ती यांच्यातील वादाचा इतिहास मोठा आहे. संवादाचा मात्र तोकडा. वादात प्रतिपक्षाचे दुबळे विधान हेरले जाते, संवादात त्याचे सबळ विधान समजून घ्यावे लागते. या दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण आम्हांस इटलीतील मिलान शहरात आढळते.

कार्लो मारिया मार्तिनी हे जेझुइट पंथाचे बायबल-पंडित १९८० ते २००२ या काळात मिलानचे आर्चबिशप होते. १९८७ साली त्यांनी अश्रद्धांसाठी एक व्यासपीठ सुरू केले. तेथे बोलावयाचे ते अश्रद्धांनी, श्रद्धावंतांनी ऐकावयाचे. पुढे १९९५-९६ मध्ये एका नियतकालिकाच्या विनंतीवरून त्यांचा व कादंबरीकार उंबेर्तो एको यांचा पत्रव्यवहार झाला. तो १९९६ मध्ये ग्रंथरूपाने आला. एको तरुणपणी निष्ठावान कॅथलिक होते. पुढे त्यांची श्रद्धा सुटली. पहिल्याच पत्रात त्यांनी मार्तिनींना पदवीने नव्हे, नावाने संबोधिले आणि मार्तिनींनीही तीच रीत पाळली.

मानवी जीवन नेमके कधी सुरू होते, स्त्रियांना पौरोहित्य का नाही, असे अवघड विषय या पत्रांत आले. पौरोहित्याच्या बाबतीत मार्तिनींनी परंपरेची बाजू मांडली. परंतु चर्चला सर्व उलगडले आहे असा दावा केला नाही.

अखेरचा प्रश्न मार्तिनींचा होता. अश्रद्ध माणसेही सदाचारी असतात, हे त्यांनी आधीच मान्य केले. त्यांना जाणून घ्यावयाचे होते ते इतकेच: सदाचारासाठी प्राण देण्याची वेळ आली, तर ईश्वर न मानणारा माणूस कोणत्या आधारावर उभा राहतो?

एकोंनी उत्तराचा आरंभ देहापासून केला. कोंडले जाणे, मारहाण, उपासमार कोणासही नको असते; मग ती दुसऱ्यावर लादू नये, हे त्यातून कळते. दुसऱ्याच्या नजरेवाचून आपण स्वतःलाही ओळखू शकत नाही. नीतीचा उगम तेथे आहे. आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला. वरून पाहणारा कोणी नाही, म्हणजे क्षमा करणाराही कोणी नाही. म्हणून अश्रद्धाला क्षमा माणसांपाशीच मागावी लागते.

या उत्तराने मार्तिनींचा प्रश्न पूर्णपणे मिटतो, असे आम्हांस वाटत नाही. दुसऱ्याचे दुःख जाणणे वेगळे आणि अनोळखी माणसासाठी मरण पत्करणे वेगळे. मात्र क्षमेचा मुद्दा श्रद्धावंतांनाही अंतर्मुख करणारा आहे. देवापुढे हात जोडणे सोपे; ज्याचे आपण वाईट केले त्याच्या दारी जाणे कठीण.

आगरकरांच्या लेखनाशी परिचय असलेल्या मराठी वाचकास हा विषय परका नाही. नीतीस ईश्वराच्या आधाराची गरज नाही, हे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच सांगितले गेले. एकाच घरात देवपूजा करणारे वडील आणि देव न मानणारा मुलगा आपण पाहिले आहेत. अशा घरांत पुष्कळदा वाद झाले, नाहीतर मौन राहिले. मार्तिनींसारखा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

मार्तिनी २०१२ मध्ये निवर्तले, एको २०१६ मध्ये. दोघांपैकी कोणीही आपला पक्ष सोडला नाही. तरीही हा संवाद निष्फळ ठरला, असे आम्ही म्हणणार नाही.