जुना करार कुणाचा?

"बायबलचा धर्मविचार अभ्यासायचा तर कुठली पुस्तकं वाचावीत?" असं भाच्यानं विचारलं. यादी काय, दोन ओळींत देता येते. पण आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलेलं. पुस्तकाआधी त्याचा काळ सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

या अभ्यासाची सुरुवात सहसा १७८७ पासून धरतात. आल्टडॉर्फ विद्यापीठातल्या भाषणात गाब्लर या प्राध्यापकानं सांगितलं, की बायबल स्वतः काय म्हणतं आणि चर्चनं त्यावर कोणते सिद्धांत उभारले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आज हे साधं वाटतं, पण तेव्हा ते धाडस होतं.

खरी कसोटी लागली ती जर्मनीत. नोव्हेंबर १९३३ मध्ये बर्लिनच्या मोठ्या सभेत नाझींच्या बाजूच्या ख्रिस्ती पुढाऱ्यानं जुना करार टाकून देण्याची मागणी केली. कारण एकच, तो ज्यूंचा ग्रंथ! १९३९ मध्ये आयझेनाख इथं चर्चमधला 'ज्यू प्रभाव' पुसण्यासाठी चक्क एक संस्था निघाली. पुढच्याच वर्षी तिनं ज्यू खुणा खरवडून काढलेला नवा करार छापला. संस्थेचे विद्वान प्रमुख ग्रुंडमान येना विद्यापीठात प्राध्यापक होते.

त्याच येनात १९३४ पासून गेरहार्ड फॉन राड जुना करार शिकवत होते. नाझी हस्तक्षेप नाकारणाऱ्या 'कन्फेसिंग चर्च'चे ते सदस्य. १९४४ मध्ये त्यांना सैन्यात भरती केलं, पुढे ते युद्धकैदीही झाले. त्यांचा 'जुन्या कराराचा धर्मविचार' दोन खंडांत १९५७ आणि १९६० मध्ये आला. त्यांचं म्हणणं असं, की इस्राएलनं सिद्धांत मांडले नाहीत, गोष्ट सांगितली. भटके पूर्वज, मिसरची गुलामी, सुटका. प्रत्येक पिढीनं ती नव्यानं सांगितली. आपल्या कीर्तनकाराचं आख्यान आठवा, म्हणजे मुद्दा कळेल.

फॉन राडच्या आधी, १९३३ ते १९३९ या काळात, बाझलच्या वाल्टर आइक्रोट यांनी तीन खंड लिहिले. त्यांनी सगळ्याच्या मध्यभागी 'करार' ठेवला, म्हणजे देव आणि त्याची प्रजा यांच्यातलं बांधिलकीचं नातं. मराठी वाचकाला तर हा शब्द ग्रंथाच्या नावातच भेटतो!

एक म्हणतो, केंद्र आहे. दुसरा म्हणतो, अनेक आवाज आहेत. दोघांनाही पुढे प्रश्न विचारले गेले. फॉन राड ज्या श्रद्धाकथनाला फार प्राचीन मानत, ते बऱ्याच अभ्यासकांना आता उशिराचं वाटतं. तरीही, जो ग्रंथ फेकून द्या म्हणून आरोळी उठली होती, तोच या माणसांनी ओळीओळीनं वाचला, हे मला मोठं वाटतं. नको असलेला भाग कापून उरलेला पवित्र ठरवणं ही युक्ती काही एकाच धर्माची किंवा एकाच देशाची नाही.

असो. भाच्याला माझा क्रम असा: आधी मूळ ग्रंथ मराठीतून, निदान उत्पत्ती, निर्गम आणि अनुवाद. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून आलेलं सोप्या मराठीतलं भाषांतर मिळालं तर उत्तमच. मग फॉन राड, मग आइक्रोट. दोघांचीही इंग्रजी भाषांतरं आहेत. हातात पेन्सिल असू द्या. घाई नको.