पणजोबांचे श्लोक

यंत्राने वाङ्मयचौर्य पकडल्याची बातमी आता नित्याची झाली आहे. मला मात्र दर वेळी राजशेखर आठवतो. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या दरबारी असलेल्या या कवीने 'काव्यमीमांसे'त चोरीची अशी छाननी केली आहे की एखाद्या फौजदारानेही मान डोलवावी! उचलला तो एक शब्द, चरण, अर्धा श्लोक की सबंध रचना, सारे त्याने निरनिराळे केले. दोन मजकूर ताडून पाहणारे यंत्र मुख्यतः हीच शब्दांची चोरी धरते. बिलंदर तो अर्थचोर! अर्थ सगळा दुसऱ्याचा, शब्दांची मांडणी तेवढी नवी. याला राजशेखर 'प्रतिबिंबकल्प' म्हणतो आणि कवीने ते सर्वथा टाळावे असे बजावतो.

मला वाटते, हा सल घरचाच असावा. 'महाराष्ट्रचूडामणी' अकालजलद हे त्याचे पणजोबा. पुढे देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या जल्हणाने शके ११७९ मध्ये 'सूक्तिमुक्तावली' सिद्ध केली. तीत राजशेखराच्या नावावर एक श्लोक आहे. त्याचा आशय असा, की नाटककार म्हणून गाजलेला कादंबरीराम गाजला तो अकालजलदाचे श्लोक स्वतःचेच असल्यासारखे वापरून.

अकालजलदाचे काव्य आज जवळजवळ सगळे लुप्त झाले आहे.