अणुहानीचें देणें कोणाचें?

ठाणें, आतां पालघर, जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील तारापूरचें अणुविद्युत्-केंद्र १९६९ सालीं वीज देऊं लागलें. देशांतील हें पहिलेंच केंद्र. त्याच्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें उभारून दिल्या. परंतु तेथें अपघात होऊन भोंवतालच्या कोळीवाड्यांची हानि झाली, तर ती कोणीं व किती भरून द्यावी, हें सांगणारा स्वतंत्र कायदाच देशांत नव्हता. ही उणीव पुढें एकेचाळीस वर्षें तशीच राहिली.

अमेरिकेनें हा विचार १९५७ सालींच केला होता. अशा अपघाताची हानि विमा-कंपन्यांच्या आवांक्याबाहेरची, आणि विम्यावांचून भांडवलवाले पुढें येईनात. तेव्हां प्राइस-अँडरसन कायद्यानें देण्यासच मर्यादा घातली. पॅरिस (१९६०) व व्हिएन्ना (१९६३) येथील करारांनीं हाच मार्ग धरला. दोष कोणाचाहि असो, भरपाई केंद्र चालविणारानें द्यावयाची, आणि तीहि ठराविक रकमेपर्यंत. यंत्रें पुरविणारा बहुधा मोकळा. पीडितांस दोष सिद्ध करण्याची यातायात उरली नाहीं, हें चांगलेंच झालें. मर्यादेचा लाभ मात्र त्यांचा खास नव्हे.

भारतांत विधेयक आलें, तेव्हां भोपाळची जखम पुन्हां उघडी पडली होती. १९८४ च्या त्या वायुकांडाबद्दल १९८९ मध्यें युनियन कार्बाइडशीं ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली होती. फौजदारी निकाल लागला तो ७ जून २०१० रोजीं, आणि शिक्षा काय, तर दोन वर्षांची! लोक खवळले. त्याच पावसाळ्यांत संसदेनें अणुहानीचा कायदा संमत केला. चालकाची मर्यादा ५०० कोटि रुपयांवरून १,५०० कोटींवर गेली, आणि सदोष यंत्रामुळें अपघात घडल्यास भरलेली रक्कम पुरवठादाराकडून वसूल करण्याचा अधिकार सतराव्या कलमानें चालकास दिला. हें कलम भोपाळनेंच लिहविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

राजापूर तालुक्यांतील जैतापूर प्रकल्पाच्या वाटेंत हेंच कलम आडवें आलें. तेथें प्रत्येकीं १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या बसावयाच्या होत्या. साखरी नाट्याच्या कोळ्यांस भय समुद्र तापण्याचें, तर परदेशी पुरवठादारांस सतराव्या कलमाचें.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें अणुऊर्जेचा नवा कायदा संमत करून २०१० चा कायदा रद्द ठरविला. चालकाची मर्यादा आतां भट्टीच्या शक्तीप्रमाणें १०० कोटींपासून ३,००० कोटींपर्यंत आहे. सदोष यंत्राबद्दल वसुलीचा तो अधिकार मात्र गाळला गेला. लेखी करारांत तसें स्पष्ट मान्य केलेलें असेल, अथवा कोणी जाणूनबुजून हानि केली असेल, तरच चालकास दुसऱ्याकडे पैसे मागतां येतात.